सावली, ज्योत आणि गिरगावातलं मशीन

(दृश्य: लॅमिंग्टन रोड, भर दुपार. हातगाडीवर रचलेल्या जुन्या कॅबिनेट. दुकानांच्या पाट्या.)

पाटीवर नाव आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून कुणालाही विचारा, तो लॅमिंग्टन रोडच म्हणेल. नव्वदच्या दशकात मुंबईतल्या कितीतरी घरांमधला पहिला कॉम्प्युटर याच रस्त्यावरच्या सुट्या भागांतून जोडला गेला. मदरबोर्ड एका दुकानातून, रॅम दुसऱ्यातून, कॅबिनेट तिसऱ्यातून. आणि जोडणाऱ्याने मेहेरबानी म्हणून हातावर ठेवलेल्या चार कॉपी केलेल्या फ्लॉप्या. त्यांत एका गेमचं नाव ठरलेलं असायचं: प्रिन्स, म्हणजे प्रिन्स ऑफ पर्शिया.

(दृश्य: गिरगाव. चाळीचा लाकडी जिना, दाराशी चपलांची रांग. कॅमेरा आत येतो.)

इथून गिरगाव जवळच. या खोलीत जुनी मशीन आणि फ्लॉप्या वाचवायला दर रविवारी चारपाच जण जमतात. खुर्चीत बसलेत त्यांना सगळे भाऊ म्हणतात. उभी हयात कॉम्प्युटर दुरुस्तीत गेली. त्यांच्या शेजारी स्टुलावर बसलेली मुलगी यंदा बारावीला आहे. समोर टेबलावर ४८६ प्रोसेसरचा जुना कॉम्प्युटर. प्रिन्स ऑफ पर्शियाचा दुसरा भाग, द शॅडो अँड द फ्लेम, १९९३ साली आला तेव्हा असंच मशीन घरात असणं म्हणजे चैन होती.

(दृश्य, अगदी जवळून: मदरबोर्डचा कोपरा. हिरवट पांढरी पूड. कापूस गुंडाळलेली काडी.)

हे नीट बघा. ही पिंपाच्या आकाराची निळी बॅटरी मशीनमधलं घड्याळ आणि सेटिंग जपायची. निकेल-कॅडमियमची. वर्षानुवर्षं पडून राहिली की ती पाझरते आणि खालचे तांब्याचे मार्ग खाऊन टाकते. जुने बोर्ड मरतात ते बहुतेक याच दुखण्याने. भाऊ आधी बॅटरी काढतात. पाझरलेला द्राव अल्कली असतो, म्हणून त्यावर थोडं व्हिनेगर. मग पाणी, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल, मग पंख्याखाली वाळवण. जिथे मार्ग तुटलाय तिथे केसाएवढी तार, भिंगाखाली, एका श्वासात डाख.

भाऊ: "हात हलला की संपलं. म्हणून चहा नंतर."

मुंबईच्या हवेत हे काम दुप्पट होतं. पावसाळ्याचे चार महिने दमट, त्यात समुद्र हाकेच्या अंतरावर. फ्लॉपीच्या काळ्या चकतीवर बुरशीचे ठिपके धरतात. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर ड्राइव्हचं हेड चकती खरवडत जातं आणि वरचं चुंबकीय आवरणच निघून येतं. म्हणून आधी पत्र्याची झडप सरकवायची, चकती बोटाने फिरवत ओल्या काडीने पुसायची, वाळवायची, मगच ड्राइव्ह. एका फ्लॉपीला अर्धा तास सहज जातो.

(दृश्य: पडदा उजळतो. काळ्यावर पांढरी अक्षरं. ड्राइव्हची घरघर. एकाच्या तोंडून "आलं, आलं!")

हा गेम तेव्हा एआरजे या फाइल आवळणाऱ्या प्रोग्रामने तुकडे करून फ्लॉप्यांवर फिरायचा. एक तुकडा खराब निघाला की अख्खा गेम गेला. पडद्यावर तीन शब्द यायचे: अबॉर्ट, रिट्राय, फेल. आज सगळे तुकडे वाचले गेले.

(दृश्य: गेमची सुरुवात. राजवाडा. खिडकीची काच फोडून उडी. छपरं.)

पहिल्या भागातला खलनायक जाफर, त्याला हरवून अकरा दिवस झालेत. राजपुत्र दरबारात येतो तर त्याच्या अंगावर लक्तरं, आणि राजकन्येशेजारी त्याचंच रूप घेतलेला जाफर. पहारेकरी धावून येतात, राजपुत्र खिडकीतून बाहेर. आणि इथेच, पहिल्या मिनिटाला, हा गेम खेळणाऱ्याला सांगतो की पहिल्या भागात शिकलात त्यावर आता भागणार नाही. पहिल्या भागात एका वेळी समोर एकच पहारेकरी असायचा. इथे समोर एक, पाठीशी एक. पुढे एकाच वेळी चारपर्यंत. छपरांवरून धावत बंदर गाठायचं आणि सुटत्या जहाजावर उडी टाकायची. ती उडी चुकली की पाणी.

हातात मिनिटं किती? ७५. पहिल्या भागात ६० होती. तुम्ही मेलात तरी घड्याळ थांबत नाही.

(दृश्य: अगदी जवळून, मुलीची बोटं. बाणांच्या कळा आणि शिफ्ट.)

आता तलवारबाजी. ही बोटं बघा, पडदा नंतर बघा. शिफ्ट म्हणजे वार. वरचा बाण म्हणजे अडवणं. एवढंच. दोन कळा. पण नुसते वार करत सुटलात तर शत्रू प्रत्येक वार झेलतो आणि उलटा टोला देतो. त्याचा हात पुढे येईपर्यंत थांबायचं, आला की अडवायचं आणि पात्यांचा खणका कानावर पडतो न पडतो तोच शिफ्ट.

भाऊ: "अगं, घाई कशाला? मारू दे त्याला आधी."
ती: "काका, मारलं की त्याने!"
भाऊ: "मग तू वर कुठे दाबलंस? वर. लगेच शिफ्ट. पुन्हा. वर, शिफ्ट."

(दृश्य: तीच बोटं. लय लागते. पहारेकरी कोसळतो. मुलगी मागे वळून बघते.)

लेझीमचा ठेका अंगात उतरावा तसं हे उतरतं. डोक्याने खेळायला गेलं की उशीर होतो. दुसरा भाग उगाच अवघड केलाय, असं म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. आमचं म्हणणं स्पष्ट आहे: तो अवघड आहे, पण लबाड नाही. प्रत्येक शत्रूचा हात वार करण्याआधी हलताना दिसतो. दिसतो कारण तो खऱ्या माणसाचा हात आहे.

(दृश्य: चौकट-चौकट थांबवलेली हालचाल. राजपुत्र धावतो, लोंबकळतो, वार करतो.)

ही गोष्ट सावकाश सांगायला हवी. गेमचा निर्माता जॉर्डन मेकनर याने पहिल्या भागासाठी १९८५ साली आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पळायला, उड्या मारायला, कड्याला लोंबकळायला लावलं आणि व्हिडिओवर टिपलं. मग एकेक चौकट कागदावर उतरवून, माणसाची बाह्यरेषा नीट करून ती ॲपल टू कॉम्प्युटरमध्ये भरली. रोटोस्कोपिंग. म्हणून राजपुत्र थांबताना एक पाऊल घसरतो. म्हणून लांब उडीआधी त्याला धाव घ्यावी लागते.

तलवार शिकवणारं मात्र घरात कुणी नव्हतं. तेव्हा मेकनरने १९३८ सालच्या रॉबिन हूडच्या चित्रपटातलं एरल फ्लिन आणि बेसिल रॅथबोन यांचं द्वंद्व घेतलं. त्यात दोघे अगदी बाजूने दिसतात असे क्षण फक्त काही सेकंदांचे. त्या सेकंदांतून वार आला, अडवणं आलं. आत्ता गिरगावात ही मुलगी वरचा बाण दाबते, तेव्हा हलतं ते हॉलिवूडच्या त्या द्वंद्वातलं मनगट.

आणि सावली. पहिला भाग बनवताना मशीनची मेमरी इतकी भरली होती की शत्रूंची नवी चित्रं ठेवायला जागाच उरली नव्हती. टोमी पियर्स ही मैत्रीण मात्र मागे लागली होती की गेमला लढाई हवी. मेकनरने वाट काढली. राजपुत्राचीच चित्रं किंचित सरकवून मूळ चित्रांवर एक्स-ऑर केली, म्हणजे दोन्ही जिथे सारखी तिथे कोरं, जिथे वेगळी तिथे ठिपका. पडद्यावर धूसर, झळाळणारी एक आकृती उभी राहिली. हाच सावली-माणूस. तो आरशातून बाहेर पडतो, तुमची जादुई औषधाची बाटली पिऊन टाकतो, दार लावून घेतो. शेवटी त्याच्याशी लढायचं नसतंच. तलवार म्यान करून त्याच्यात मिसळून जायचं असतं. सगळं जागेच्या टंचाईतून आलेलं. चाळीत वाढलेल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको.

(दृश्य: गुहा. सांगाडा. मग उडता गालिचा, पडके अवशेष, देऊळ.)

१९९३ साली त्याच सावलीवर दुसऱ्या भागाचं नाव उभं राहिलं. जहाज फुटून राजपुत्र एका बेटावर येतो. गुहेतले सांगाडे पाडले तरी पुन्हा उठतात. अवशेषांमध्ये साप आणि उडती मुंडकी. देवळात पक्ष्याच्या तोंडाचे रक्षक. आणि तिथली पवित्र ज्योत मिळवायची तर राजपुत्राला आधी मरावं लागतं. उठते ती त्याची सावली. खेळणारा तासभर ज्याला जपत आला, त्याचा जीव हा गेम मागतो. आमच्या लेखी हा या गेमचा सर्वांत धाडसी क्षण आहे आणि अवघडपणाच्या नावाने बोटं मोडणारे बरेचजण तिथवर पोचलेलेच नसतात.

(दृश्य: मुलगी कळफलकावर काही टाइप करते. सगळे ओरडतात, "चीटिंग!")

पोचायचा दुसरा रस्ताही होता. गेम सुरू करताना प्रिन्स या हुकुमापुढे एक शब्द टाइप करायचा. पहिल्या भागाला मेगाहिट, दुसऱ्याला यिप्पीयाहू. मुंबईतल्या कॉम्प्युटर क्लासांमध्ये हे शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहिलेले असायचे.

(दृश्य: शेवटचा प्रसंग. जाफर जळतो. मग एक म्हातारी, समोर स्फटिकाचा गोळा.)

शेवटी एक चेटकीण राजपुत्राला लांबून पाहत बसलेली दिसते. तिची गोष्ट पुढे कुणी सांगितली नाही. हे गेम बाजारात आणणारी ब्रॉडरबंड ही कंपनी १९९८ मध्ये विकली गेली. मालिका पुढे युबीसॉफ्टकडे आली. २०२० मध्ये मालिकेतल्या सँड्स ऑफ टाइम या गेमची नवी आवृत्ती पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडून येणार अशी घोषणा झाली, २०२२ मध्ये ते काम माँट्रियलला गेलं.

(दृश्य: टेबलावर फ्लॉप्यांचे ढीग. बॉलपेनने लिहिलेली लेबलं. यूएसबीची तार लावलेलं छोटं सर्किट.)

पहिल्या भागाचा मूळ सोर्स कोड, म्हणजे मेकनरने लिहिलेला प्रोग्राम, हरवला होता. २०१२ मध्ये मेकनरच्या वडिलांना कपाटात तो फ्लॉप्यांवर सापडला, जाणकारांनी वाचून काढला आणि सगळ्यांसाठी खुला झाला. तेवीस वर्षांनंतरही त्या फ्लॉप्या वाचल्या गेल्या. या खोलीतलं सगळं काम त्याच भरवशावर चालतं.

हे सर्किट फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतं. फाइल वाचता आली नाही तरी खुणा जपल्या जातात, नंतर त्यांच्यावर काम करता येतं. गेम आज एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवरही चालतो, चालावाच. पण कोणत्या मुलाने कोणत्या लेव्हलवर सेव्ह केलं होतं, लेबलावर आईच्या अक्षरात काय लिहिलं होतं, क्लासच्या सरांनी सोबत कुठली बॅच फाइल बनवून दिली होती, हे एम्युलेटरबरोबर येत नाही. मुंबईत हा गेम कसा खेळला गेला, ते या फ्लॉप्यांवरच आहे.

(दृश्य: भाऊ एक फ्लॉपी उजेडात धरतात. मुलगी वहीत क्रमांक लिहून घेते.)

माळ्यावर, ट्रंकेत, शोकेसच्या खालच्या खणात तुमच्याकडेही असतील. फेकू नका, फॉरमॅट करू नका. उत्सुकतेपोटी ड्राइव्हमध्ये घालूनही बघू नका. मागच्या बाजूला राइट-प्रोटेक्टची छोटी खिटी आहे, ती आधी सरकवून ठेवा म्हणजे भोक उघडं दिसेल. कोरड्या डब्यात ठेवा, स्पीकरपासून लांब. आणि पुसायचं कसं हे ज्याला ठाऊक आहे, अशा कुणाच्या तरी हाती पुढच्या पावसाळ्याआधी द्या.