थोटकाचं पाणी

(३१ मे, जागतिक तंबाखूविरोधी दिनानिमित्त छत्रपती संभाजीनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, टेबलावरची ही काचेची बरणी मागच्या रांगेतही दिसत असेल. काल संध्याकाळी हिच्यात एक लिटर स्वच्छ पाणी होतं. त्यात मी सिगारेटची पाच थोटकं टाकली. आता रंग बघा. झाकण मात्र काढू नका, वास जात नाही लवकर.

माझं माहेर जालना जिल्ह्यातलं. पिकावर मावा, म्हणजे बारीक कीड, पडली की आमचे अण्णा रात्री तंबाखू भिजत घालायचे आणि सकाळी ते पाणी गाळून फवारायचे. लेकरानं किंवा वासरानं तोंड लावू नये म्हणून आई त्या बादलीवर पाट झाकून वर दगड ठेवायची. तंबाखूच्या पाण्यानं जीव मरतो, हे माझ्या शाळा न शिकलेल्या आजीलाही ठाऊक होतं. पुढे तीस वर्षं मी मुलांना रसायनशास्त्र शिकवलं, पण रस्त्यावरचं थोटूक आणि आईची ती झाकलेली बादली एकच आहे, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं.

अमेरिकेत सॅन दिएगोच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी हे माशांवर तपासलं. त्यांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. लिटरभर पाण्यात साधारण एका थोटकाचा अर्क उतरला, की चार दिवसांत निम्मे मासे मेले. आपल्या शहरात नळाला पाणी आलं की माणसं कामावर उशिरा जातात, पण आधी पिंप भरून ठेवतात. पाण्याची किंमत आपल्याला कुणी सांगायला नको.

आता हे बघा. ब्लेडनं मी फिल्टर उभा चिरलाय. दिसायला कापूस, पण कापूस नाही. हे सेल्युलोज अॅसिटेट, म्हणजे प्लॅस्टिक. एका फिल्टरमध्ये याचे १२,००० हून जास्त बारीक धागे असतात. उन्हानं ते तुटतात, पण मातीत लवकर कुजत नाहीत. आणि टोकाला जो तपकिरी डाग दिसतो ना, तो धुरातून अडकलेला माल आहे. निकोटिन, डांबर, शिसं, कॅडमियम. विडीला फिल्टर नसतो, तेंदूचं पान कुजून जातं. तंबाखू मात्र तिच्यातही आहेच.

१ जुलै २०२२ पासून देशात एकदाच वापरायच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली. त्या यादीत सिगारेटच्या पाकिटावरचा पातळ पारदर्शक कागद आहे. फिल्टर नाही! पाकिटाला एक वेष्टन, आत दहा-वीस फिल्टर. याचा मला मनापासून राग येतो. युरोपीय संघानं २०१९ च्या निर्देशात फिल्टर धरला, आणि थोटकं साफ करण्याचा खर्च कंपन्यांवर टाकला. आपल्याकडे तो खर्च खराटा धरणाऱ्या ताईच्या पाठीवर आहे. पेव्हर ब्लॉकच्या फटीत बसलेलं थोटूक खराट्यानं निघत नाही, वाकून बोटांनी काढावं लागतं.

मी गेले काही महिने एका टपरीसमोर सकाळ-संध्याकाळ नुसती उभी राहिले. माणूस टपरीवर सुट्टी सिगारेट घेतो, तिथंच पेटवतो, आणि चालायला लागतो. पाच-सात पावलांवर लिंबाची सावली, तिथं गाड्या लावलेल्या. गाडीला टेकून तो ओढतो आणि तिथंच चपलेखाली चिरडतो. राज्यात सप्टेंबर २०२० पासून सुट्ट्या सिगारेटच्या विक्रीवर बंदी आहे, तरी विक्री चालूच आहे. सुट्टी घेणाऱ्याच्या खिशात पाकीट नसतं, मग थोटूक ठेवणार कशात? आम्ही थोटकांसाठी पहिला डबा टपरीच्या फळीशी ठेवला होता. चुकलं. तो रिकामाच राहिला, वर लोक त्यात पान थुंकले. टपरीवाले मामा म्हणाले, "मॅडम, हा डबा उचला, नाहीतर मला रोज धुवावा लागंल."

मग डबा सावलीत नेला. तेलाचा पत्र्याचा डबा, तळाशी वाळू, वर बोट जाईल एवढंच भोक. खिळा न ठोकता सुतळीनं झाडाला बांधला, छातीच्या उंचीवर. आता थुंकता येत नाही आणि शोधावाही लागत नाही. पहिल्या आठवड्यातच त्यात थोटकं पडू लागली. सगळी नाही. अजूनही काही जण सवयीनं खालीच टाकतात.

लंडनमध्ये २०१५ साली एका संस्थेनं थोटकांच्या डब्याचे दोन कप्पे केले आणि वर प्रश्न लिहिला: चांगला फुटबॉलपटू कोण, रोनाल्डो की मेस्सी? थोटूक टाकून मत द्यायचं. आपण लिहू, मराठवाड्याचा केसर की कोकणचा हापूस? हापूसच्या कप्प्यात एकही पडलं तरी मला वाईट वाटेल, पण रस्ता तर साफ राहील.

सार्वजनिक जागी धूम्रपानाला २००८ पासून मनाई आहे, २०० रुपयांपर्यंत दंडही आहे. तो वसूल व्हावा. सिगारेट सुटली तर याहून मोठं काहीच नाही, आणि ज्यांना सोडायचीय त्यांच्यासोबत मी दवाखान्यात यायला तयार आहे. पण ज्याची आज सुटत नाही, त्याच्या हातातलं थोटूक आज कुठं पडतं, तेही बघायला हवं.

कारण मृग आठवड्यावर आलाय. वर्षभर गटारीच्या कडेला साचलेलं सगळं पहिल्या पावसात एका रात्रीत नाल्यात उतरतं, नाल्यातून खाम नदीत, आणि खाम पुढे गोदावरीला मिळते. गोदाकाठची गावं, जनावरं, मासे तिथंच आहेत.

दाराशी डबे ठेवलेत, सुतळीसकट. न्याल तेव्हा आधी तुमच्या गल्लीतली टपरी नाही, सावली बघा. भरलेला डबा ओल्या कचऱ्यात रिकामा करू नका, ते खतात जाईल. वेगळ्या पिशवीत बांधून, आत काय आहे ते घंटागाडीवाल्या दादाला सांगून द्या. आणि जाताना त्यांचं नाव विचारून ठेवा, पुढच्या वेळी हाक मारता येईल.