फुल स्विंग नेमकं कधी म्हणायचं?

नमस्कार मंडळी! परवा पहाटे वाशीच्या एपीएमसीत गेले होते, एप्रिल संपत आलाय म्हणजे हापूसचे दिवस, फळ मार्केटात पाय ठेवायला जागा नाही, देवगड-रत्नागिरीच्या पेट्या गाडीतून उतरतायत, माथाडी डोक्यावर पेटी घेऊन बाजू बाजू ओरडत सुटलेत, आणि एका गाळ्यावर पेटी उघडली, वरचा पेंढा सारला तर काय तो वास! शेजारचा मुलगा फोनवर सांगत होता, "सीझन फुल स्विंगमध्ये चालूय." इतकं बरं वाटलं मला, शब्द अगदी जागच्या जागी पडला.

इन फुल स्विंग. आधी इन बरं का, ऑन नाही, ही चूक फार होते. लहानपणचा झोपाळा आठवा, सुरुवातीला पाय रेटून रेटून जीव जातो, मग तो असा काही चढतो की कुणी ढकलायलाच नको. तसं काम चढलं की फुल स्विंग. फेब्रुवारीत थोडी थोडी आवक असते तेव्हा हे म्हणायचं नाही, तेव्हा सीझन नुसता सुरू झाला एवढंच.

आता मराठीत काय म्हणाल? इथेच मजा आहे, इंग्रजीत एकाच शब्दावर भागतं पण आपल्याकडे ज्याचं त्याचं वेगळं. हंगाम ऐन भरात येतो, मैफल रंगात येते, काम जोरात चालतं, लग्नघरात धामधूम असते आणि पेरणीची लगबग. मैफल जोरात चालली होती म्हटलं तर कसंतरीच वाटतं ना? गणपतीच्या आधी ठाण्याच्या जांभळी नाक्यावर मखरं, कंठ्या, फुलं यांची जी झुंबड असते तिथे इंग्रजीत प्रेपरेशन्स आर इन फुल स्विंग, मराठीत मात्र तयारीला जोर आलाय.

फुल स्टीम अहेड वेगळं हं. ते वाफेच्या इंजिनांच्या काळातलं, आणि आपल्या ठाण्याला वाफ काय नवीन, 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी इथेच आली की, तीन इंजिनं लावून! तर फुल स्टीम अहेडमध्ये पुढे रेटायचा निर्धार आहे, आता थांबायचं नाही असा. फुल स्विंगमध्ये कुणी रेटत नसतं, ते आपसूक चाललेलं असतं.

पाऊस आला की हापूस ओसरतो, त्याआधी एकदा पहाटे वाशीला जाऊन याच.