टेबल घ्यायचंय? आधी खाली वाका

नमस्कार मंडळी. आज ओकबद्दल बोलायचंय. ओक म्हटलं की आपल्याला आधी आडनाव आठवतं, आणि माझे दोन मित्र ओक आहेत, दोघंही हा कार्यक्रम ऐकतात, तर बाबांनो घाबरू नका, तुमच्याबद्दल काही नाही, हे झाड आहे. आपल्याकडे जसं सागवान तसं इथे इंग्लंडात ओक. आणि हल्ली आपल्या मंडळींना जुनं ओकचं डायनिंग टेबल घ्यायची भारी हौस आलीये, म्हणून आज एकच गोष्ट सांगणार: टेबल वरून बघू नका, खालून बघा. परत सांगतो, खालून. वरून काय, कुणीही घासून पॉलिश मारतं.

हे मला कुणी शिकवलं, तर माझ्या आईने. दहा-बारा वर्षं झाली असतील. लीड्सजवळच्या एका गावात जुन्या सामानाचं दुकान होतं, तिथे मला एक गेटलेग टेबल दिसलं. गेटलेग म्हणजे पायांची दोन फाटकं असतात, ती उघडायची आणि लोंबणाऱ्या फळ्या उचलून त्यांच्यावर टेकवायच्या, मिटलं की टेबल भिंतीला चिकटून उभं. दुकानदार टाय-बिय लावलेला, म्हणाला सतराव्या शतकातलं आहे सर, आणि मी "सर" ऐकूनच निम्मा पाघळलो. गेटलेग टेबलं सतराव्या शतकात होती हे खरंच आहे, त्यात तो खोटं बोलला नाही. साडेसहाशे पौंड मोजले. बायको दोन दिवस बोलली नाही.

उन्हाळ्यात आई आली सांगलीहून. तिने विचारलं केवढ्याला घेतलंस, मी म्हटलं ऐंशी पौंड. लगेच शंभराने गुणून झालं. "आठ हजार! एवढ्यात तर..." पुढचं तुम्हाला माहितीये.

एका दुपारी ती त्या टेबलाजवळ जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडत बसली. (निवडलेली मेथी पाकिटात मिळते ती आणत जाऊ नका हो, तिला चव नसते, पण ते जाऊ दे.) पाय अवघडला म्हणून हाताने रेलली, मान वर गेली, आणि हाक आली, "अरे, इकडे ये जरा. हे लाकूड आधी कुठेतरी लागलेलं आहे."

मी म्हटलं आई, साडेतीनशे वर्षं जुनं आहे ते. "असेल की. पण टेबल जुनं नाही, लाकूड जुनं आहे. आमच्या माहेरचा वाडा उतरवला तेव्हा तुळया चिरून गोठ्याची दारं केली होती, त्याच्यावर अश्शाच नाल्या होत्या." आणि तिने फळीच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवलं. मोबाइलचा टॉर्च लावून मीही आत शिरलो. भुंग्याने खाल्लेल्या बारीक नाल्या, उघड्या, अर्ध्या कापलेल्या, फळीच्या पृष्ठभागावर वळवळत गेलेल्या.

आता हे नीट ऐका. भुंग्याची अळी लाकडाच्या पोटात बोगदे करते, बाहेर फक्त भुंगा निघतो त्याची बारीक गोल भोकं दिसतात. बोगदा उघडा दिसला म्हणजे भुंगा आधी खाऊन गेला आणि लाकूड नंतर चिरलं. भोकं चालतात, उघड्या नाल्या म्हणजे शंका.

टॉर्च पुढे सरकवला तर कमानीसारखे करवतीचे ओरखडे. ते गोल करवतीचे, आणि गोल करवत सर्रास आली एकोणिसाव्या शतकात. हाताने ओढलेल्या करवतीचे ओरखडे सरळ असतात, वेडेवाकडे पण सरळ. मग खिळे बघितले, भोवती लाकूड स्वच्छ. ओकमध्ये टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर, लोखंड लागलं की वर्षानुवर्षांत काळानिळा डाग पडतो, आपल्याकडे हिरडा आणि हिराकस घालून काळी शाई करायचे ना, तोच प्रकार. जुन्या खिळ्याभोवती काळं नसेल तर खिळा जुना नाही. आई खालून म्हणाली, "काय दिसलं?" मी म्हटलं काही नाही.

बाकीचं भरभर सांगतो, वेळ संपत आलाय. मोजपट्टी घ्या. लाकूड रेषांना आडवं आकसतं, त्यामुळे खरं जुनं गोल टेबल पूर्ण गोल राहत नाही, चार फुटी टेबलात अर्ध्या इंचाचा फरक सहज सापडतो. सांध्यात लाकडी खुंट्या असतील तर बोट फिरवा, जुन्या खुंट्या किंचित वर आलेल्या लागतात. टोकदार स्क्रू निघाला तर तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा, त्याआधीचे बोथट. खणाचा तळ प्लायवुडचा असेल तर विसावं शतक. पायांना दोरखंडासारखा पीळ आणि दोन्ही टोकांना फळ्या ओढून काढायच्या, असं टेबल बहुतेक १९२०-३० च्या दशकातलं, आणि ती ढिगाने आहेत. सीसी४१ असा शिक्का दिसला तर ते दुसऱ्या महायुद्धात सरकारने काढलेल्या काटकसरीच्या फर्निचर योजनेतलं, ती योजना १९५२ पर्यंत चालली.

आणि पायावर कोरलेला लाकडी उंदीर दिसला तर ओरडू नका, चेहरा सरळ ठेवा. ते यॉर्कशायरच्या किल्बर्न गावच्या रॉबर्ट थॉम्पसनच्या कारखान्यातलं असू शकतं, हजारोंत जातं. थॉम्पसन वारला १९५५ मध्ये पण कारखाना अजून चालू आहे, म्हणून उंदराचे पुढचे पाय बघा, ते असतील तर साधारण १९३० च्या आधीचा. नकलाही होतात बरं का.

किमतीचं म्हणाल तर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जुन्या तपकिरी फर्निचरचे भाव पडलेत, फ्लॅट लहान झालेत. विम्यासाठी लिहून देतात तो आकडा मोठा, लिलावात मिळतो तो छोटा, दोन्हींची गल्लत करू नका. आणि जुना थर खरवडून राखाडी रंग मारणारे लोक... त्यांच्याबद्दल मी रेडिओवर बोलणार नाही.

तर आई परत गेल्यावर मी गुपचूप एका लिलाववाल्याला बोलावलं. तो माणूस आल्या आल्या गुडघ्यावर बसला आणि थेट खाली वाकला, तेव्हाच मला कळलं. कागदावर लिहून गेला: जुन्या लाकडातून केलेलं, १९२० च्या सुमाराचं, साठ ते ऐंशी पौंड.

म्हणजे आईला सांगितलेला आकडा बरोबर निघाला. ती अजून फोनवर विचारते, "ते गोठ्याचं दार आहे ना रे घरात?" आहे. आत्ता त्यावर इस्त्रीचे कपडे आहेत.