चार रंगांत अहिराणी

पडद्यावर आता दिसते आहे ती एका डीव्हीडीची पहिली चौकट आहे. डावीकडे वहीगायनाच्या, म्हणजे खान्देशी लोकगायनाच्या, फडाचे स्थिरचित्र आहे, उजवीकडे अहिराणीत लिहिलेली बटणे आहेत, आणि रिमोटवरची बाणाची कळ दाबली की पिवळी कड एका बटणावरून दुसऱ्या बटणावर सरकते. एवढीशी हालचाल घडवून आणणारा, अशा मेनूच्या डीव्हीडी तयार करणारा प्रोग्राम अमळनेर येथील एका गृहस्थांनी फावल्या वेळात लिहिला आहे. दिवसा ते एका पतसंस्थेत हिशेबाचे काम पाहतात. प्रोग्रामिंगचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नाही. त्यांचा प्रोग्राम मुक्तस्रोत आहे, जीपीएल परवान्याखाली कोणालाही वापरता आणि बदलता येतो, आणि त्याला अद्याप नावही मिळालेले नाही.

स्वस्त डिस्क येण्यापूर्वी खान्देशातील लग्ने, बारशी, कानबाईचा उत्सव आणि गावोगावचे वहीगायन शूटिंगवाल्यांनी व्हीएचएस कॅसेटवर चित्रित केले. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना होते, रात्रभर बायका गाणी म्हणतात आणि सोमवारी विसर्जन होते. अशी एकेक रात्र तीन-तीन तासांच्या कॅसेटींत साठलेली आहे. या कॅसेटी आता कपाटांत पडून आहेत, त्यांना बुरशी लागते आहे आणि त्या चालवणारे व्हीसीआर दुरुस्त करणारा माणूस सापडत नाही. हे सारे पेनड्राइव्हवर उतरवून देता येईल, असे कोणीही म्हणेल, आणि ते चूक नाही. परंतु पेनड्राइव्हवर फाइलींची यादी मिळते. टीव्हीखाली ठेवलेल्या जुन्या प्लेअरवर आजीला स्वतःच्या हाताने रिमोटची कळ दाबून हवे ते गाणे लावता यावे, ही मागणी त्या यादीने भागत नाही. या गृहस्थांच्या कामाचा उगम त्या मागणीत आहे. डीव्हीडीचे युग परत येईल असा त्यांचा दावा नाही.

त्यांनी सारे काही शून्यापासून लिहिलेले नाही, आणि हे ते आवर्जून सांगतात. चित्र आणि ध्वनी डीव्हीडीला चालेल अशा रूपात आणण्याचे काम एफएफएमपेग करते, त्या फाइलींपासून डिस्कची रचना उभी करण्याचे काम डीव्हीडीऑथर हा आज्ञा टाइप करून चालवायचा प्रोग्राम करतो, आणि शेवटी आयएसओ प्रतिमा, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलीतली प्रत, एमकेआयएसओएफएस तयार करते. डीव्हीडीस्टायलरसारखे, खिडक्या आणि बटणांतून हेच काम करून देणारे प्रोग्रामही पूर्वीपासून उपलब्ध आहेत. मग नवा प्रोग्राम कशासाठी, याचे उत्तर आपल्याला पुढे देवनागरीच्या प्रश्नापाशी मिळेल. तूर्त एवढेच सांगणे पुरे की पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला हा प्रोग्राम वरील तिन्ही साधनांना क्रमाने कामाला लावतो आणि डीव्हीडीऑथरला लागणारी, डिस्कच्या रचनेचे वर्णन करणारी एक्सएमएल फाइल स्वतः लिहून देतो. ती फाइल हाताने लिहिणे म्हणजे काय, हे ज्याने एकदा लिहिली आहे त्यालाच ठाऊक.

डीव्हीडी-व्हिडिओचे प्लेअर १९९६ मध्ये प्रथम जपानमध्ये विक्रीस आले. हे मानक कागदावर मिळवायचे तर गोपनीयतेचा करार आणि शुल्क आवश्यक असे. त्यामुळे मुक्तस्रोत जगातील लोकांनी तयार डिस्क उघडून, त्यातील एकेक बाइट वाचून ही रचना समजून घेतली. डिस्कवरील माहिती २०४८ बाइटांच्या खंडांत असते. चित्र, ध्वनी आणि उपशीर्षके व्हीओबी फाइलींत एकत्र गुंफलेली असतात, आणि कुठे काय आहे हे सांगणाऱ्या आयएफओ फाइली वेगळ्या असतात. प्रत्येक आयएफओची एक हुबेहूब प्रत बीयूपी या नावाने डिस्कवर दुसऱ्या जागी ठेवली जाते, कारण एकच ओरखडा दोन्ही प्रतींना एकाच वेळी निकामी करू नये. चित्रासाठी वापरले जाणारे एमपेग-२ हे तंत्र दीर्घकाळ पेटंटांनी बांधलेले होते; अमेरिकेतील त्याची शेवटची पेटंटे २०१८ मध्ये संपली, आणि मुक्तस्रोत वितरणांना ते मोकळेपणाने सोबत देणे शक्य झाले.

पहिला व्यावहारिक प्रश्न जागेचा होता. एका थराच्या डिस्कवर ४.७ अब्ज बाइट मावतात. तीन तासांची कॅसेट तेवढ्यात बसवायची तर चित्र आणि ध्वनी मिळून सेकंदाला सुमारे साडेतीन मेगाबिट एवढीच माहिती खर्च करता येते. मानकाने एकट्या चित्राला ९.८ मेगाबिटपर्यंत मुभा दिलेली असली, तरी त्या वेगाने अशी कॅसेट एका डिस्कवर मावणे शक्य नाही. भारतातील पाल या टीव्ही-चित्राच्या पद्धतीत पूर्ण चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे असते. एवढ्या बिंदूंवर साडेतीन मेगाबिट पसरले की नऊवारीच्या काठांवर आणि मांडवाच्या झालरीवर चौकोनी ठिगळे उमटू लागतात. यावर त्यांनी योजलेला उपाय मानकातच दडलेला होता. डीव्हीडीला ३५२ गुणिले ५७६ हा निम्म्या रुंदीचा आकारही चालतो, आणि व्हीएचएस कॅसेटवर आडव्या दिशेने साधारण २४० रेषांपेक्षा अधिक तपशील मुळातच नसतो. म्हणजे रुंदी निम्मी केल्याने हरवण्यासारखे फारसे काही उरत नाही, उलट प्रत्येक बिंदूच्या वाट्याला दुपटीहून अधिक माहिती येते. आता प्रोग्राम कॅसेटची लांबी पाहून हा आकार स्वतः सुचवतो.

कॅसेटवरचे चित्र आंतरगुंफित असते, म्हणजे सेकंदाला २५ पूर्ण चित्रांऐवजी ५० अर्धी चित्रे येतात: एकात सम क्रमांकाच्या रेषा, दुसऱ्यात विषम. एफएफएमपेगला वेगळे सांगितले नाही, तर ते चित्र सलग धरूनच संकोचित करते. अर्ध्या चित्रांचा क्रम उलटा नोंदवला गेला, तर नाचणारी माणसे पुढे जाण्याऐवजी पुढे-मागे थरथरताना दिसतात. संगणकाच्या पडद्यावर हा दोष सहज लपतो. जुन्या काचेच्या टीव्हीवर तो पहिल्या क्षणी उघडा पडतो. म्हणून त्यांच्या टेबलावर आजही एक जुना टीव्ही आहे, आणि तो हलवू नये अशी घरात सक्त ताकीद आहे.

त्यानंतर आली मेनूची तर्करचना. प्रत्येक डीव्हीडी प्लेअरच्या आत एक छोटे आभासी यंत्र असते. त्याच्याकडे मुक्त वापरासाठी १६ नोंदकोश असतात आणि प्रत्येकात केवळ १६ बिटांची एक संख्या मावते. ‘सगळी गाणी’ आणि ‘एकच गाणे’ ही दोन बटणे वेगळी वागावीत, यासाठी बटण दाबताच एका नोंदकोशात १ किंवा ० लिहिले जाते, आणि प्रत्येक गाणे संपल्यावर चालणारी आज्ञा तो आकडा वाचून पुढच्या गाण्याकडे वळायचे की मेनूकडे परतायचे, ते ठरवते. हे साधे वाटते, पण उड्यांवर बंधने आहेत. जुने चौरसाकडे झुकलेले चित्र आणि नवे रुंद चित्र एकाच शीर्षकसंचात, म्हणजे चित्रफितींच्या एकाच गटात, ठेवता येत नाही, त्यांना वेगळे संच लागतात. आणि एका संचातील चित्रफितीतून दुसऱ्या संचातील चित्रफितीत थेट उडी मारता येत नाही. धुळ्याहून आगगाडीने कुठेही जायचे तर आधी चाळीसगावला यावे लागते, तसे येथे प्रत्येक वेळी डिस्कच्या मुख्य मेनूच्या क्षेत्रात यावे लागते. तेथे पोहोचल्यावर आपण कुठे निघालो होतो, हे लक्षात राहण्यासाठी आणखी एक नोंदकोश खर्च होतो. हा सारा हिशेब प्रोग्राम आता वापरणाऱ्याच्या नकळत करतो, आणि माझ्या मते त्यांच्या कामातील सर्वांत नीटनेटका भाग हाच आहे.

सर्वांत अवघड भाग मात्र अक्षरांचा होता. पुण्याला किंवा सुरतेला वाढलेल्या नातवंडांना अहिराणी पुरती समजत नाही, म्हणून वहीगायनाला मराठी उपशीर्षके हवी होती. डीव्हीडीऑथरसोबत येणारे स्पूमक्स हे साधन मजकुराच्या फाइलीवरून उपशीर्षकांची चित्रे बनवते, परंतु ते एकेक अक्षरचिन्ह जसे लिहिले आहे त्या क्रमाने शेजारी शेजारी मांडत जाते. रोमन लिपीला एवढे पुरते. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येत असली तरी लेखनात त्याच्या आधी काढावी लागते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवावा लागतो आणि जोडाक्षरे जुळवावी लागतात. परिणामी ‘विसर्जन’ या एका शब्दात वेलांटी चुकीच्या जागी पडली आणि रफाराऐवजी पाय मोडलेला र दिसू लागला. ‘अहिराणी’ हा शब्दही या तडाख्यातून सुटला नाही. ज्या डिस्कवर भाषेचे नावच नीट उमटत नाही, ती डिस्क गावात कोणाला दाखवायची, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

त्यांनी स्पूमक्सला मजकूर देणेच थांबवले. मजकूर प्रथम पँगो या अक्षरमांडणीच्या तयार साधनाकडे जातो. ते हार्फबझ या अक्षरे जुळवणाऱ्या साधनाच्या साहाय्याने देवनागरीची मांडणी बिनचूक करते आणि त्यापासून एक पीएनजी चित्र तयार होते. स्पूमक्सच्या हाती मग तयार चित्रच पडते, आणि त्यात कोणती लिपी आहे याच्याशी त्याला काही देणेघेणे उरत नाही. परंतु येथे डीव्हीडीचा दुसरा कंजूषपणा आडवा आला. उपशीर्षकाच्या एका चित्राला फक्त चार रंग मिळतात, तेही १६ रंगांच्या ठरलेल्या पेटीतून. संगणक अक्षरांच्या कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून करड्या रंगाच्या अनेक छटा वापरतो, त्या येथे कोठून आणायच्या? चारपैकी एक रंग पारदर्शक पार्श्वभूमीला जातो, एक अक्षराच्या अंगाला, एक काळ्या कडेला. उरलेला एकच रंग त्यांनी अंग आणि कड यांच्या मधल्या छटेसाठी राखला, आणि तेवढ्याने अक्षरांच्या गोलाया दातेरी दिसेनाशा झाल्या.

तरीही काचेच्या टीव्हीवर प्रत्येक ओळ लुकलुकत होती. याचे कारण शिरोरेषा. आंतरगुंफित चित्रात केवळ एका बिंदूएवढी जाड असलेली आडवी रेषा दोनपैकी एकाच अर्ध्या चित्रात येते, म्हणून ती सेकंदाला २५ वेळा दिसते आणि तितक्याच वेळा नाहीशी होते. रोमन अक्षरांत आडव्या रेषा तुटक असल्याने हा दोष फारसा जाणवत नाही. आपल्या लिपीत ती रेषा शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. जाड वळणाचा फाँट निवडून आणि शिरोरेषा निदान दोन बिंदूंची राहील अशी किमान उंची ठरवून त्यांनी हा प्रश्न सोडवला. मेनूतील बटणांना हाच नियम लागू केला, आणि ‘कानबाईना गाना’ ही अक्षरे प्रथमच स्थिर दिसली. तयार प्रोग्राम उपलब्ध असताना नवा का लिहिला, या प्रश्नाचे उत्तर या दोन परिच्छेदांत आहे.

चाचणीचा भाग थोडक्यात सांगता येईल. व्हीएलसीसारखा संगणकावरील प्लेअर फार क्षमाशील असतो. डिस्कच्या रचनेत काही उणे असले तरी तो चालवून दाखवतो. टेबलावरचे जुने प्लेअर तसे नसतात, काहींना तर रिकामा ऑडिओ-टीएस फोल्डरही डिस्कवर असावा लागतो. म्हणून निरनिराळ्या बनावटीचे जुने प्लेअर दुरुस्तीच्या दुकानांतून जमवले गेले. डिस्क शक्यतो कमी वेगाने लिहिली जाते, आणि वीज कधी जाईल याचा नेम नसल्याने इन्व्हर्टर चालू असल्याखेरीज लिहायला घेतली जात नाही. एकदाच लिहिता येणारी डिस्क मध्येच थांबली की ती बाद होते. खान्देशातला उन्हाळा हाही डिस्कचा शत्रू आहे: लिहिण्याजोग्या डिस्कमधील रंगद्रव्याचा थर उष्णतेने आणि उजेडाने खराब होतो, आणि जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जाणे नवलाचे नाही. म्हणून प्रत्येक डिस्कबरोबर तिची आयएसओ प्रतिमाही कुटुंबाला दिली जाते. ती प्रतिमा डिस्कविनाही मेनूसह चालते, आणि खरा ठेवा तीच आहे असे मला वाटते.

सध्या हाती असलेले काम भाषेच्या नोंदीचे आहे. डीव्हीडीत प्रत्येक ध्वनिपट कोणत्या भाषेतला आहे हे सांगण्यासाठी दोन अक्षरांचा संकेत लिहिता येतो. मराठीला तसा संकेत आहे. अहिराणीला आंतरराष्ट्रीय यादीत तीन अक्षरांचा संकेत आहे, दोन अक्षरांचा नाही, आणि आयएफओ फाइलीत जागा दोनच अक्षरांची आहे. मराठीचा संकेत लावला, तर प्लेअर पडद्यावर मराठी असे दाखवील. जागा रिकामी ठेवली, तर तो भाषा अज्ञात समजेल. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला आहे, आणि ध्वनिपट निवडण्याच्या मेनूत भाषेचे नाव चित्ररूपाने लिहिले आहे. प्रोग्रामच्या स्वतःच्या खिडक्यांचा आणि बटणांचा अनुवाद गेटटेक्स्ट पद्धतीच्या फाइलींत ठेवलेला असून त्यातील मराठीचा भाग पूर्ण झाला आहे. अहिराणीचा भाग धुळे आणि शिरपूरकडील काही शिक्षक मंडळी तपासत आहेत, कारण तापीच्या दोन्ही काठांवर एकच शब्द एकसारखा बोलला जातोच असे नाही, आणि बटणावर जागा एकाच शब्दाची आहे.