खाडीला झालेलं अजीर्ण

[दृश्य: पणजी, सांतिनेज. पहाट. ओहोटी.]

पहाटेचे साडेपाच. पुलाचा कठडाही नीट दिसत नाही, पण वास मात्र आला. टॉर्च खाली धरला की हिरवंगार, दाट पाणी दिसतं. त्यात शेवटे माशांची बोटभर पिल्लं वरच्या वर, तोंडं उघडून गोल गोल फिरताहेत. पाण्यातला प्राणवायू संपत आलाय, म्हणून ती वर आलीत.

ही खाडी ताळगावाकडून निघते आणि कांपालला मांडवीत जाते. वाटेत तिला येऊन मिळतं न्हाणीचं, मोरीचं, संडासाचं पाणी. त्यात नायट्रोजन असतो, फॉस्फरस असतो. शेतात आपण हेच युरिया आणि सुपर फॉस्फेट म्हणून विकत आणून टाकतो. भाताला लागू पडतं ते शेवाळालाही पडतं. ऊन आणि साचलेलं पाणी मिळालं, की डोळ्यांना न दिसणारे हे जीव दिवसा-दोन दिवसांत दुप्पट होतात. शास्त्रज्ञ याला शैवालबहर म्हणतात. बहर हा आंब्याचा शब्द. तो इथे उच्चारताना माझी जीभ अडखळते.

[दृश्य: काचेच्या बाटलीत खाडीचं पाणी. तळाशी काळा गाळ.]

दिवसा शैवाल प्राणवायू सोडतं, रात्री तेच तो ओढून घेतं. म्हणून माशांना पहाट सगळ्यात जड जाते. पुढे हे शैवाल मरून तळाशी बसतं, जिवाणू ते कुजवू लागतात आणि उरलासुरला प्राणवायूही त्यात जातो. बाटलीचं झाकण उघडा. कुजक्या अंड्याचा हा वास हायड्रोजन सल्फाइडचा. खाडीला अजीर्ण झालंय, आणि तिला वाढणारे आपणच.

समुद्रातला प्रत्येक बहर मात्र आपल्या माथी मारता येणार नाही. उन्हाळ्यात पाण्यावर लाकडाच्या भुशासारखा तवंग येतो, तो ट्रायकोडेस्मियम नावाच्या सूक्ष्म जीवाचा. त्याला आपल्या सांडपाण्याची गरज नाही, हवेतला नायट्रोजन तो स्वतःच वापरतो. पावसाळ्याच्या अखेरीस खोल समुद्रातलं कमी प्राणवायूचं पाणी किनाऱ्याजवळ चढतं, तेही निसर्गतःच. पण दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० सालीच लिहून ठेवलं, की ही घुसमट वाढतेय आणि जमिनीवरून वाहून येणारी खतं त्यामागे असू शकतात. दर्या आधीच दमलेला असताना आपण त्याच्या ताटात आणखी वाढतोय.

[दृश्य: बाजार. तिसऱ्यांचे वाटे.]

तिसऱ्या आणि शिनाण्या हे शिंपले पाणी गाळून पोट भरतात. काही जातींचं शैवाल विषारी असतं, आणि ते विष त्यांच्या मांसात साठतं. तिसरी दिसायला ताजी, चवीला तशीच. आणि यातली काही विषं उकळूनही जात नाहीत. म्हणून शिंपल्यांची नियमित तपासणी हवी, बाजारात येण्याआधी. काठावर रंगीत कठडे आणि बाकडी नंतरही बसवता येतील. आधी प्रत्येक घराची जोडणी मलनिस्सारण वाहिनीला हवी.

[दृश्य: पुन्हा पूल.]

साडेसहा. वरच्या इमारतीत दिवे लागले, आंघोळी सुरू झाल्या. भिंतीतल्या चार इंची पाइपातून कोमट, फेसाळ पाणी खाडीत पडू लागलं. साबणाचा वास ओळखीचा आहे. आमच्या घरी हाच वापरतात.