नाकानोतलं निळं घड्याळ

टोकियोतल्या शिंजुकूहून चुओ लाइनच्या रेल्वेने काही मिनिटांतच नाकानो येतं. स्टेशनाबाहेर छत घातलेला बाजार, आणि तो संपतो तिथे नाकानो ब्रॉडवे. इमारत १९६६ची. वरच्या मजल्यांवर लोक राहतात. खाली कॉमिक्स, खेळणी आणि जुनी घड्याळं.

हे जपानी कंपनी सेइकोचं ६१३९, स्टॉपवॉच असलेलं घड्याळ. निळी डायल, लाल-निळी कड, सहाच्या जागी मिनिटांची छोटी डायल. वाराच्या खिडकीत कांजी, म्हणजे जपानी लिपीतलं चित्राक्षर, म्हणजे हे जपानमध्येच विकलं गेलेलं. दुकानदार घड्याळ पालथं करतो आणि भिंग पुढे सरकवतो. पाठीवरच्या नंबराची सुरुवात नऊ, सहा. नऊ म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा, सहा म्हणजे जून. मग १९७९चं कशावरून नाही? पाठीवर ‘वॉटर प्रूफ’ कोरलंय. १९७०च्या सुमारास सेइकोने ‘प्रूफ’ सोडून ‘रेझिस्ट’ लिहायला घेतलं. तेव्हा हे १९६९चंच.

आणि ते वर्ष साधं नव्हतं. मनगटी घड्याळातलं स्टॉपवॉच जुनंच. पण त्याला चावी द्यावी लागे. हाताच्या हालचालीवर चालणारा क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचवालं घड्याळ, १० जानेवारीला झेनिथ या स्विस कंपनीने जाहीर केला, ३ मार्चला ह्यूअर, ब्राइटलिंग आणि त्यांच्या साथीदारांनी. सेइकोने मे महिन्यात फारसा गाजावाजा न करता तो जपानच्या दुकानांत ठेवला. पहिला कोण, यावर संग्राहक अजून हमरीतुमरीवर येतात. मला विचाराल तर जाहीर करणं वेगळं आणि गिऱ्हाइकाच्या हातात देणं वेगळं.

बटण दाबा. काटा धक्का न खाता निघतो. ही आतल्या उभ्या क्लचची, म्हणजे स्टॉपवॉचला चालत्या यंत्राशी जोडणाऱ्या भागाची करामत. १९७३मध्ये अंतराळवीर विल्यम पोग याच जातीचं पिवळं घड्याळ, नासाची मंजुरी नसताना, खिशात घालून स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावर गेले आणि ८४ दिवस राहिले.

एक मात्र सांगायला हवं. ६१३९ दुर्मिळ नाही, ती भरपूर बनली. दुर्मिळ आहे ती कुणी न रंगवलेली, न घासलेली. जुन्या सेइकोंच्या डायली नव्याने छापून चकचकीत करून विकण्यात आपली मुंबई इतकी प्रसिद्ध, की जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. थट्टा झोंबते, पण खोटी नाही. आणि त्याच कारागिरांनी भंगारात गेली असती अशी कितीतरी घड्याळं चालती ठेवली, हेही खोटं नाही.

या डायलवर मात्र रंग मूळचाच. काट्यांवरचा चमकणारा मसाला पिवळट पडलाय आणि खुणांवरचाही तितकाच पिवळट. दोन्ही एकाच वयाचे. कडेवर ओरखडा पडून निळा रंग उडालाय. दुकानदार तो ओरखडा स्वतःहून दाखवतो.

किंमत लेबलवर आहे, घासाघीस नाही. घड्याळ घेतलं. आता तेल वाळलेलं असणार, म्हणून सर्व्हिसिंगआधी स्टॉपवॉच पुन्हा चालवायचं नाही. दुरुस्तीला देताना सोबतच्या चिठ्ठीत ठळक अक्षरांत लिहिलंय: पॉलिश नको, डायलला हात लावू नये.