नेटवर्क स्टोरेजचा बंद पडलेला बोर्ड

काल रात्रीपर्यंत व्यवस्थित चालणारी नेटवर्क स्टोरेजची ही पेटी, म्हणजे नेटवर्कवरून फाइल साठवायचे उपकरण, आज बटण दाबूनही सुरू होत नाही. पुढचा एकही दिवा लागत नाही आणि मागचा पंखाही हलत नाही. आत चार हार्ड डिस्क आहेत आणि त्यांवर कुणाचे तरी कित्येक वर्षांचे फोटो आणि कागदपत्रे आहेत, त्यामुळे सगळे गेले, ही धास्ती पहिल्यांदा मनात येणे स्वाभाविक आहे. बहुतेक वेळा मात्र काहीच गेलेले नसते. माहिती डिस्कवर असते आणि बंद पडलेला असतो तो त्या डिस्क चालवणारा सर्किट बोर्ड.

म्हणूनच पेचकस हातात घेतल्यावर पहिले काम दुरुस्तीचे नसते. प्रत्येक डिस्क बाहेर काढण्यापूर्वी ती कोणत्या खणात होती तो क्रमांक तिच्यावर ठळक लिहावा आणि मगच ती बाजूला ठेवावी. अशा अनेक पेट्या आतून लिनक्सवरच चालतात, त्यामुळे गरज पडल्यास या डिस्क लिनक्सच्या संगणकाला जोडून, केवळ वाचनासाठी उघडून, त्यांवरील माहिती उतरवून घेता येते. विंडोजच्या संगणकाला जोडल्यावर मात्र डिस्क इनिशियलाइज करायची का, म्हणजे कोरी समजून नव्याने तयार करायची का, असा प्रश्न समोर येतो. त्याला होकार कदापि देऊ नये.

आता वीज जिथून येते तिथून सुरुवात करू. अ‍ॅडॅप्टरच्या टोकाला मल्टिमीटर लावला तर तो नेमके १२ व्होल्ट दाखवतो आणि अनेकजण इथेच फसतात, कारण हे व्होल्टेज मोकळ्या अ‍ॅडॅप्टरचे आहे, भार पडल्यावरचे नाही. १० ओहमचा, २५ वॅटचा रेझिस्टर जोडला की त्यातून सुमारे १.२ अँपिअर प्रवाह वाहू लागतो. चांगला अ‍ॅडॅप्टर तेवढ्याने डगमगत नाही. आतील कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे घटक) कमजोर झालेल्या अ‍ॅडॅप्टरचे व्होल्टेज पाहता पाहता खाली येते. हा रेझिस्टर काही सेकंदांत चटका बसण्याइतका तापतो, म्हणून त्याला हात लावू नये. अ‍ॅडॅप्टर सदोष निघाला तर तो उघडण्यापेक्षा बदलणेच योग्य, कारण प्लग काढल्यानंतरही त्याच्या आत जिवावर बेतणारा विद्युतभार साठलेला असू शकतो.

हा अ‍ॅडॅप्टर चांगला आहे, म्हणजे दोष बोर्डावर आहे. डोळ्यांना काही खूण दिसत नाही: कोणत्याही कपॅसिटरचे डोके फुगलेले नाही, कुठे तपकिरी डाग नाही, जळका वास नाही. वीज पूर्ण बंद ठेवून १२ व्होल्टच्या वाटेचा ग्राउंडशी (बोर्डाच्या शून्य व्होल्टच्या बाजूशी) असलेला रोध मोजला, तेव्हा मीटरने ०.४ ओहम दाखवले. निरोगी बोर्डावर कपॅसिटर भरत जातात तसा हा आकडा चढत जातो. इथे तो जागचा हलत नाही. हा शॉर्ट आहे, म्हणजे वीज मध्येच थेट ग्राउंडला जाते आहे. असाच कमी आकडा प्रोसेसरच्या साधारण १ व्होल्टच्या वाटेवर दिसला, तर लगेच शॉर्ट ठरवू नये, कारण तिथे काही ओहम हे निरोगीपणाचेच लक्षण असू शकते. ही खूणगाठ न बांधल्यामुळे चांगले प्रोसेसर उगाच उखडले जातात, याची फार हळहळ वाटते.

या वाटेवर डझनभर लहान सिरॅमिक कपॅसिटर समांतर जोडलेले आहेत आणि मीटरच्या दृष्टीने ते सगळेच दोषी आहेत. त्यामुळे प्रत्येक उपटून पाहण्याऐवजी बोर्डाकडूनच उत्तर काढून घ्यायचे असते. नियंत्रित पॉवर सप्लाय १ व्होल्टवर ठेवून, प्रवाहाला मर्यादा घालून, तो याच वाटेला जोडला आणि बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर पसरला. सगळीकडे ओल तशीच चमकते आहे; फक्त कनेक्टरजवळच्या एका दाण्याएवढ्या कपॅसिटरवरची ओल आक्रसते आणि तो क्षणार्धात कोरडा पडतो. शॉर्ट तिथेच आहे. भिंगाखाली त्याच्या कडेला केसासारखी चीर दिसते. बोर्ड वाकल्याने असे कपॅसिटर तडकतात.

तो काढताना ग्राउंडचा रुंद तांब्याचा थर उष्णता ओढून घेतो. शिसेविरहित सोल्डर सुमारे २१७ अंश सेल्सिअसला वितळते; त्यात शिशाचे थोडे सोल्डर मिसळले की ते त्याहून कमी तापमानाला सैल होते, आणि खालून बोर्ड शेकला तर तांब्याची पट्टी उखडत नाही. बदली कपॅसिटर तेवढ्याच क्षमतेचा आणि किमान तेवढ्याच व्होल्टेजचा असावा.

सगळी व्होल्टेज ठीक असूनही पेटी उठत नसेल, तर दोष अधिक खोल असतो. जानेवारी २०१७ मध्ये इंटेलने आपल्या अ‍ॅटम सी२००० या प्रोसेसर मालिकेबाबत नोंदवले की त्यातील एलपीसी क्लॉकचा, म्हणजे बोर्डावरील इतर चिपशी होणाऱ्या संवादाला ताल देणारा, संकेत कालांतराने बंद पडू शकतो. या प्रोसेसरच्या काही पेट्या त्या संकेताच्या वाटेवर सुमारे १०० ओहमचा रेझिस्टर जोडून पुन्हा चालवल्या गेल्या, पण तो माहिती उतरवण्यापुरता मिळालेला अवधी समजावा.

कपॅसिटर बदलल्यावर आपल्या बोर्डाचा रोध आता हजारो ओहमवर गेला आहे. डिस्क न लावता वीज दिली जाते. पंखा फिरतो, दिवा लुकलुकतो. मग एक जुनी, रिकामी डिस्क लावून पेटी तासभर चालू ठेवली जाते. त्यानंतरच, वीज बंद करून, एक क्रमांकाची डिस्क एक क्रमांकाच्या खणात परत सरकवली जाते.